मोजमापाला ताई

१९ मे. आज भावोजींचं फोटोंचं कपाट रिकामं करायला घेतलं आहे. पाऊस तोंडावर आला की कोकणात प्रत्येक घर एकदा उन्हात उपडं करावं लागतं. गाद्या, मिरच्या, कोकमं, लोणच्याच्या बरण्या, सगळ्यांची अंगणात रांग लागते. माझ्या घरचं ते उरकून, फणसपोळीच्या ताटांवर कावळे हाकायला दोन बायका बसवून मी इथे आले आहे, कारण या घरात हे करणारं आता कुणी नाही. भावोजींवर सोपवलं तर ते एक अल्बम उन्हात ठेवतील आणि उरलेला दिवस त्याच्याशेजारी बसून तो बघतील. शिवाय आज आणखी एक काम आहे. पुढच्या आठवड्यात ताईचं वर्षश्राद्ध, मुंबईहून माणसं येणार, आणि भिंतीवर लावायला ताईचा फोटो नाही. ज्या घरात फोटोंनी भरलेली तीन कपाटं आहेत त्या घरात हा प्रकार आहे, हे बाहेरच्या माणसाला पटवून देता देता मी थकले.

माझे भावोजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, जग बघायला कधी गेलेच नाहीत. ते जग मोजायला गेले. उभा जन्म त्यांनी जमिनीच्या मोजणी खात्यात काढला. आमच्या जिल्ह्यात जमिनीचं भांडण नसलेलं घर शोधावं लागतं. बांधावरच्या एका फणसापायी सख्खे चुलते एकमेकांच्या दारावरून मान वळवून जातात. अशा ठिकाणी भावोजी काठी, साखळी आणि खात्याचा कॅमेरा घेऊन उभे राहायचे. फणसाचा फोटो काढायचा तर बुंध्याला लाल-पांढरी काठी टेकवूनच. काठी नसली तर वकील म्हणणार, हा फणस कशावरून, आणि एवढाच कशावरून. त्यामुळे त्यांच्या डोक्यात एक गोष्ट कायमची बसली: "मोजमापाशिवाय फोटो म्हणजे नुसत्या गप्पा." लग्नाच्या अल्बमकडेही ते याच नजरेने बघत. माझ्या लग्नाचे फोटो बघून म्हणाले होते, "मांडव चांगला दिसतोय, पण केवढा ते कळत नाही."

निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःचा कॅमेरा घेतला आणि दोघांनी सहलींना जायला सुरुवात केली. मूलबाळ नव्हतं. आंब्याच्या शेवटच्या पेट्या गेल्या की जूनमध्ये यांचं विमान. पहिली सहल इजिप्तची. भावोजींनी बॅगेत घडीची मोजणीकाठी घेतली होती. ती मुंबईच्या विमानतळावरच काढून घेतली गेली आणि तिथून कैरोपर्यंत ते ताईशी बोलले नाहीत, जणू ती तिनेच काढून घेतली होती. पिरॅमिडसमोर उभे राहिले तेव्हा चेहरा असा, की घरचा बैल हरवलाय. मग त्यांची नजर ताईवर गेली. "ऐकलंस का, तू पाच फूट ना गं?"

"चपलेसकट," ताई म्हणाली.

"चपला काढ आणि तिथे जाऊन उभी राहा. तिकडे तोंड करून."

तिकडे तोंड करून का, हे तिने विचारलं होतं. तर म्हणे, समोरून उभी राहिलीस तर बघणारे तुला बघतील, पिरॅमिड कोण बघणार? शिवाय चेहरा हलतो, पाठ हलत नाही. जळत्या वाळूत अनवाणी उभी राहिलेली माझी बहीण त्या दिवसापासून जगभर मोजमापाची काठी झाली. कंबोडियातली देवळं, केनियातलं एकटं झाड, हिरोशिमातला तो सांगाडा उरलेला घुमट, आइसलँडचे धबधबे, कुठल्या कुठल्या युद्धांची दफनभूमी, प्रत्येक फोटोत खाली डाव्या कोपऱ्यात पाठमोरी ताई. लांबून दिसावी म्हणून त्यांनी तिला भडक केशरी रंगाचा स्वेटर घेऊन दिला होता, मोजणीच्या झेंड्याचा असतो तसा. केनियात तो उन्हात घालायला लावला. जर्मनीतल्या एका दफनभूमीत तो रंग बरा दिसत नाही असं तिथल्या रखवालदाराने खुणेने सांगितलं, तर भावोजी त्याला मराठीत समजावत होते की याशिवाय उंची कळणार नाही. ताईही काही कमी नव्हती. तिने कापडी अबोलीची एक वेणी करून घेतली आणि प्रत्येक सहलीला अंबाड्यात माळायची. मी हसले तर म्हणाली, "पाठच दिसणार ना जगाला? मग पाठ नटवते."

बेल्जियममधली गोष्ट तर तिच्या तोंडून ऐकायला हवी होती. तिथे एका गावात पहिल्या महायुद्धात गेलेल्या सैनिकांच्या नावांची भली मोठी कमान आहे. भावोजींना गर्दी नसलेला फोटो हवा होता, म्हणून ताईला भिंतीकडे तोंड करून उभी केली आणि हे लांब जाऊन थांबले. मान अवघडली म्हणून ताईने ती जरा खाली घातली होती. कुठलीशी गोरी आजी आली, हिच्याकडे पाहिलं आणि शेजारी मान खाली घालून उभी राहिली. मग एक जोडपं थांबलं. मग शाळेची सहल आली, त्यांच्या मास्तरांनी पोरांना टोप्या काढायला लावल्या. ताईला वाटलं, इथली अशीच पद्धत असेल, म्हणून ती हलली नाही. त्यांना वाटलं, हिचं कुणीतरी इथे गेलं असेल, म्हणून तेही हलले नाहीत. आणि मागून भावोजी हातवारे करून ओरडतायत, "अहो सरका! सरका! मोजमाप कुणाचं धरू मी?" शेवटी त्या आजीने ताईला मिठी मारली आणि हातरुमाल हातात ठेवून निघून गेली. ताई मला सांगत होती, "खरं सांगू, मी तेव्हा विचार करत होते की कोकमं डब्यात भरली ती नीट वाळली होती की नव्हती. पण तिने मिठी मारल्यावर मलाही भरून आलं गं. आपल्याकडची नावंही होती त्या भिंतीवर. कुठून कुठे जाऊन मेली ही पोरं." भावोजींनी तो फोटो बाद केला. माणसांची उंची एकसारखी नव्हती.

परत आल्यावर या सगळ्याचा कार्यक्रम व्हायचा. हॉलच्या भिंतीला चादर, समोर प्रोजेक्टर आणि शेजारपाजारच्यांना आमंत्रण. आमंत्रण चुकवायला लोक काय काय करत ते मला ठाऊक आहे, कारण त्यातले निम्मे माझ्या घरी येऊन बसत. एक शेजारी तर दरवर्षी त्याच दिवशी गुहागरला पाहुण्यांकडे जायचे. जे सापडत ते सापडत. दिवे गेले तरी सुटका नव्हती. भावोजी अंधारात तोंडी फोटो दाखवत. "आता उजवीकडे स्तंभ आहे. डावीकडे ही आहे. म्हणजे तुम्हाला कल्पना येईल." मीटर, फूट ही मापं त्यांनी केव्हाच सोडून दिली होती. "पिरॅमिड म्हणजे साधारण नव्वद हिच्याएवढा," ते सांगत, आणि आतून ताईचा आवाज येई, "नव्वद मी असते तर एवढ्यांचा चहा एव्हाना झाला असता!" एकदा कुणीतरी विचारलं, भावोजी, तिथली माणसं कशी होती हो? भावोजींनी बराच विचार केला आणि म्हणाले, "उंच."

घरातही सुख नव्हतं. इथल्या दमट हवेत भिंगांना बुरशी धरते. तांदूळ ओल ओढून घेतो असं भावोजींनी कुठेतरी वाचलं आणि दोन कॅमेरे, चार भिंगं तांदळाच्या डब्यात मुक्कामाला गेली. ताई भाताला तांदूळ काढायची ती चाचपून, अंधारात उंदीर असावा तशी. एकदा भिंगाचं झाकण कुकरात शिजलं. मी जेवायला होते. भावोजींनी ते पानातून उचललं, पुसलं, उजेडात धरलं आणि म्हणाले, "काही झालं नाही याला." भाताबद्दल चकार शब्द नाही. आणि सहल नसेल तेव्हा आरे-वारेचा किनारा होताच. संध्याकाळी स्कूटरवरून दोघं जायची. आपल्या घरापासून दोन वळणांवरचा समुद्र, जन्मापासून बघितलेला, तिथेही तिला स्वेटर घालून सुरूच्या झाडाखाली उभी करायचे. लोकांना वाटे, बाईला काहीतरी शिक्षा झाली आहे.

ती गेल्या वर्षी गेली. चार दिवसांचा ताप, आणि संपलं. पुढच्याच महिन्यात व्हिएतनामला जायचं ठरलं होतं. केशरी स्वेटर धुऊन दोरीवर होता. तेराव्याला फोटो हवा म्हणून शोधाशोध झाली तेव्हा पहिल्यांदा कळलं की तिचा फोटोच नाही. लग्नातला एक आहे, पण त्यात बावीस वर्षांची पोर आहे. हार घालून ठेवला तर लोक विचारतील, मुलगी होती का? आमच्या घरच्या समारंभांत ती एक तर स्वयंपाकघरात, नाहीतर कुणाच्या तरी खांद्यामागे, आणि समोर आलीच तर नेमके डोळे मिटलेले. मोबाइलवरही तेच. शेवटी आधार कार्डावरचा चेहरा मोठा करून आणला. तो बघून भावोजी म्हणाले, "हा तिचा फोटो नाही, हा पुरावा आहे." आणि तेरावं उरकताच त्यांनी तो कपाटात पालथा ठेवला.

मग चिपळूणहून माईंचा फोन आला. माई म्हणजे भावोजींची थोरली बहीण. वय ऐंशीच्या घरात आणि आवाज तिशीतला. वर्षश्राद्धाला फोटो लागेल असं त्यांनी बजावलं. भावोजींनी भीत भीत विचारलं, पाठमोरा चालेल का? "पाठमोरा?" माई फोनमध्ये एवढ्या ओरडल्या की मला स्वयंपाकघरात ऐकू आलं. "नमस्कार कुणाला करायचा, अंबाड्याला? अरे, जन्मभर बायकोला काठीसारखी उभी केलीस. एकदा तोंड बघावंसं नाही वाटलं तुला?"

माई बोलल्या आणि विसरल्या, तो त्यांचा स्वभावच आहे. भावोजी विसरले नाहीत. त्या दिवसापासून त्यांनी कॅमेऱ्याला हात लावला नाही. परवा मला अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "संध्या, मी तिला नुसती उभीच केली का गं? एवढी फिरवली, पण तिने पाहिलं का काही?" मी तेव्हा फणसाचे गरे सोडवत होते, हात तेलाचे होते. मी म्हटलं, "काहीतरीच काय विचारता?" हे काही उत्तर झालं नाही, हे मलाही कळत होतं.

तर आज सकाळपासून आम्ही दोघं शोधतो आहोत. अल्बम संपले, मग संगणक. मी खुर्चीवर, भावोजी शेजारी मोड्यावर. देशामागून देश, आणि प्रत्येक देशाच्या डाव्या कोपऱ्यात तो केशरी ठिपका. मी वैतागून भराभर पुढे जात होते, कारण मला चेहरा हवा होता, आणि भावोजी मला प्रत्येक ठिकाणी थांबवत होते. "थांब, थांब. इथे रागावली होती. बघ ना, कोपर कसं बाहेर आलंय. बस सुटेल म्हणत होती." पुढे कुठलासा स्तंभ. "इथे गुडघा दुखत होता. सगळा भार उजव्या पायावर." मग एक चर्च. "इथे हसत होती." मी म्हटलं, "पाठीवरून कसं कळतं?" तर म्हणाले, "वेणी हलली आहे की. हसायला लागली की मान हलायची. म्हणून तर हा बाद आहे." असे बाद केलेले फोटोही त्यांनी सगळे ठेवले आहेत, ही नवीन माहिती.

दुपारपर्यंत माझे डोळे दुखायला लागले. कुठेही चेहरा नव्हता. उन्हात ठेवलेले अल्बम उलटायचे होते, घरी फणसपोळीचं काय झालं असेल ते कळत नव्हतं. मी जरा चढ्या आवाजातच बोलले. "भावोजी, एवढ्या वर्षांत एकदा तरी 'वळ' म्हणायचं होतं तिला!"

"म्हटलं होतं," ते म्हणाले.

आणि त्यांनी माझ्या हातातून माउस घेऊन एक फोटो उघडला. नॉर्वेतला. उंच कड्यावर ताई उभी, खाली निळीशार खाडी, समोर बर्फाचे डोंगर. परत आल्यावर ताईने त्या खाडीचं वर्णन "आपली जयगडची खाडी, फक्त थंड," एवढंच केलं होतं.

"इथे माझा नेहमीचा, मोजमापाचा फोटो काढून झाला होता," भावोजी सांगू लागले. "कुणी नव्हतं. मनात आलं, आज हिचाही एक काढावा, समोरून. म्हटलं, ऐकलंस का, जरा इकडे वळ. तर वळलीच नाही. 'हं, थांबा,' एवढंच म्हणाली, हळू आवाजात. मी थांबलो. परत हाक नाही मारली. तशीच पाठमोरी असताना हा एक काढला आणि कॅमेरा खाली ठेवून मागे उभा राहिलो. किती वेळ बघत होती गं ती! एरवी तिचं लक्ष म्हणजे पर्सकडे, माझ्या गोळ्यांकडे, नाहीतर बसकडे. त्या दिवशी नाही. बाकी सगळ्या फोटोंत ती माझ्यासाठी उभी आहे, संध्या. या एकात ती स्वतःसाठी उभी आहे. मला हाच लावायचा आहे. माईला काय म्हणायचं ते म्हणू दे."

मी तो फोटो नीट पाहिला. मान किंचित डावीकडे कललेली होती.

ही खाडी मला चांगली माहीत आहे. नॉर्वेहून आल्यावर त्याच आठवड्यात ताई माझ्याकडे पापड लाटायला आली होती, आणि लाटता लाटता एकटीच हसायला लागली. म्हणाली, "कुणाला सांगू नकोस. त्या बर्फाच्या डोंगरांसमोर मला उभ्या उभ्या डुलकी लागली. पाठ करून उभं राहायचं एक सुख असतं बघ, डोळे मिटले तरी कुणाला कळत नाही. निम्मी स्मारकं मी अशीच केली. त्या दिवशी तर गाढ. यांनी हाक मारली वाटतं मध्येच, काय म्हणाले देव जाणे." दुपारी तिला उठवायला गेलं की ती तसंच म्हणायची. "हं, थांबा." आणि कूस बदलायची.

मी स्पष्ट बोलणारी बाई आहे. माझ्या घरात, पापड-फणसपोळीच्या धंद्यात, सगळ्यांना हे माहीत आहे. पापडात मीठ जास्त झालं तर मी लाटणारीच्या तोंडावर सांगते. भावोजी माझ्याकडे बघत होते, मोजणीचा निकाल ऐकायला आलेली माणसं त्यांच्याकडे बघत असतील तसे. त्यांचा शर्ट मी पहिल्यांदाच नीट बघितला. एक गुंडी खालच्या काजात गेली होती.

"दिसतंय की," मी म्हटलं. "चांगली मन लावून बघतेय."

"तुलाही वाटतं ना?"

"न वाटायला काय झालं? माझी बहीण आहे. तिची पाठ मला कळत नाही का?"

ते उठले आणि अंगणातले अल्बम न सांगता उलटून आले, सगळे. या घरात असं काही त्यांनी पहिल्यांदाच केलं असेल.

संध्याकाळी मी माईंना फोन केला. म्हटलं, "माई, फोटो ठरला. पाठमोराच आहे. नमस्कार अंबाड्याला करायचा." मी भांडणाच्या तयारीत होते. पण माई म्हणाल्या, "अंबाडा मात्र छान घालायची हो ती. माझ्या सुनांना शिकवला होता, एकीला जमला तर शपथ." आणि मग, येताना तांदूळ आणायचे का, असं विचारलं.

२० मे. आज सकाळी दुकानं उघडायच्या वेळेला मी फोटो छापून घेतला आणि बाजारातल्या फ्रेमवाल्याकडे गेले. त्याने तो काउंटरवर ठेवला, उचलून मागून बघितला, पुन्हा ठेवला. "काकू, दुसरा फोटो नाही का? यात बाईंचा चेहराच नाही."

"त्या समोर बघतायत," मी म्हटलं. "काच साधी घाल, चकाकणारी नको. दुपारी न्यायला येते."